ऋतूंचे खेळ आणि आपण आईबाप
(मंडळाच्या कोजागरी संमेलनात केलेल्या भाषणाचा लेखी आशय)



कार्यकारी मंडळाने मला आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. मी मॅट्रिक होऊन अध्यापनाचे प्रशिक्षण घेतलेला साधा प्राथमिक शिक्षक. समाजकारणावर अथवा तत्त्वज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार नव्हे. परंतु ३६ वर्षे लहान मुलांच्या सहवासात गेली. तेव्हा आईबापांनी आपल्या बालकांसमवेत ऋतुमानाप्रमाणे काय खेळावे, एवढेच सांगणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. मलाही तो एके काळी तसाच वाटत असे व त्याची किंमत मी दिली आहे. ते ओघाने येईलच.

प्रथम पावसाळा घ्या. उन्हाळ्यात खाऊन टाकलेल्या आंब्यांच्या कोयी परसातल्या उकिरड्यावर ज्येष्ठ-आषाढात रुजतात. अशी एखादी कोय उपटावी, वरचे कठीण कवच काढावे आणि आतल्या गराचे एक टोक खडबडीत दगडावर पाणी घालून घासावे. दोन दळांमध्ये फट दिसू लागली की फुंकर मारावी; उत्तम पिपाणी वाजते. पाच वर्षांच्या मुलास एकट्यास हे साधत नाही, घासण्यास बापाचाच हात लागतो, आणि म्हणूनच हा खेळ मला प्रिय आहे. बीजाला दोन दळे असतात हे मी पाठ्यपुस्तकावरून पुष्कळांना शिकविले; पिपाणी वाजविलेल्या मुलास ते कधी शिकवावे लागले नाही.

सूर्य हस्त नक्षत्रात गेला की हादगा. पाटावर हत्ती काढावा, त्याभोवती फेर धरावा, आणि शेवटी झाकलेला डबा हलवून आतली खिरापत ओळखावी. कानाने पदार्थ ओळखावयाचा, केवढी मौज! मुलग्यांना यातून वगळण्याची आपली जुनी रीत मला कधीच पटली नाही. खिरापत ओळखण्यास मिशी आड येत नाही.

आता दिवाळीचा किल्ला. माझ्या शाळेत दरवर्षी किल्ल्यांची स्पर्धा होई आणि माझ्या वर्गाचा किल्ला बहुधा पहिला येई. त्या दिवसांत मी घरी दिवेलागणीनंतर पोहोचत असे. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याने अंगणात स्वतःच विटा रचल्या आणि चार दिवस तो मला बोलावीत राहिला. पाचव्या दिवशी अवकाळी पावसाने तो ढिगारा वाहून गेला. ‘पुढल्या वर्षी करू’ असे मी म्हणालो. पुढल्या वर्षी त्याने मला विचारले नाही, आणि त्यानंतर कधीच विचारले नाही. दुसऱ्यांच्या मुलांचे कौतुक करण्याचे वेतन मला मिळत होते, एवढेच समर्थन मजपाशी आहे.

२०२४ च्या दिवाळीत त्याने आपल्या मुलीसाठी बाजारातून रंगविलेला तयार किल्ला आणला. मला बोलावेसे वाटले. पण कोणत्या तोंडाने बोलणार? माझ्या नातीने तो किल्ला उचलला, उलटा केला आणि म्हणाली, “आजोबा, हा आतून रिकामाच आहे!” मग आम्ही दोघे सज्जात बसलो. जुन्या फळीवर विटांचे तुकडे व फुटकी कुंडी रचली, वरून गोणपाट टाकले आणि लाल मातीचा चिखल थापू लागलो. तिला राजगड हवा होता. संध्याकाळी मुलगा कामावरून आला, थोडा वेळ उभा राहिला, मग बाह्या सारून खाली बसला. त्याने फळीवर तीन बोटे पसरली आणि ही पद्मावती, ही सुवेळा, ही संजीवनी अशा तिन्ही माच्या लेकीस दाखविल्या; मधला तळवा म्हणजे बालेकिल्ला. “आधी गोणपाट भिजवायला हवे होते, अण्णा,” तो मला म्हणाला, “नाहीतर माती धरत नाही.” हे मी त्याला शिकविले नव्हते.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने महाराष्ट्रातील ११ आणि तमिळनाडूतील जिंजी अशा १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचे स्थान दिले. त्यात राजगड आहे. नातीने ती बातमी ऐकून आपलाच गड मोठा झाला असे सांगितले.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीस १९४५ साली आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला बालशिक्षणाचे कार्य केले, तेव्हा परिसरातील माती, पाने, शिंपले हीच त्यांची साधने होती. पैसा लागत नाही, वेळ मात्र लागतो. आणि आजच्या आईबापांपाशी तोच नाही, हे मी जाणतो. दोघेही नोकरीस जातात, येण्याजाण्यात दोन-तीन तास मोडतात. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण आठवड्यातला एक तास, आणि तोही भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवून, इतके मागणे अवाजवी नसावे.

संक्रांतीचे पतंग, बोरन्हाण, शेतावरचा हुरडा यांविषयी आपण सारे जाणताच. त्यात वेळ घेत नाही. दूध आटत आले आहे.

आज पौर्णिमा. ज्यांना किल्ला करावयाचा असेल त्यांनी अष्टमीपर्यंत माती थापून घ्यावी. अळीव काही तास भिजवून चिकट झाले की दशमीस उतारावर पसरावे आणि रोज हाताने पाणी शिंपडावे, ओतू नये. म्हणजे लक्ष्मीपूजनास गड हिरवा दिसतो. आमचे मागे भाऊबीजेस उगवले, कारण आरंभच उशिरा झाला. सदनिकेत राहणाऱ्यांस माती मिळत नाही ही अडचण खरी आहे. मी दोन पोती लाल माती आणून जिन्याखाली ठेवली आहे. ज्यांना हवी त्यांनी पिशवी घेऊन यावे, आणि येताना मुलालाही आणावे.