काळ्या पाषाणाचें वाचन

नाशिकच्या इंदिरानगर वस्तीच्या नैर्ऋत्येस पांडवलेण्यांचा डोंगर आहे. प्राचीन शिलालेखांत ह्यालाच त्रिरश्मि म्हटलें आहे. यात्रिक लेणीं पाहण्यासाठीं तो झपाट्यानें चढतो; भूशास्त्राचा अभ्यासक मात्र पायथ्यापासूनच थबकत जातो. त्याच्या झोळींत हातोडा, भिंग, होकायंत्र आणि टिपणवही असते. परंतु लेणीं संरक्षित असल्यामुळें हातोडा झोळींतच राहतो. डोळ्यांनींच काम भागवावें लागतें.

प्रथमदर्शनीं सारा डोंगर एकाच काळ्या फत्तराचा भासतो. हा फत्तर बेसाल्टचा. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं भूमीला भेगा पडून तप्त शिलारस वारंवार बाहेर आला, दूरवर पसरला आणि थिजला. असे थरावर थर चढले. त्यांची झीज सारखी न झाल्यामुळें ह्या प्रदेशांतील डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात. ‘ट्रॅप’ हें त्यांचें शास्त्रीय नांवहि पायरी ह्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलें आहे.

जवळून पाहतां थराथरांतील भेद उमगतो. थराच्या पोटांतील खडक बहुधा घट्ट व एकजीव असतो. माथ्याकडे वायूच्या बुडबुड्यांनीं पडलेलीं छिद्रें आढळतात. तीं पांढऱ्या खनिजांनीं भरलीं कीं विहीर खणणारे त्या खडकाला मांजऱ्या म्हणतात.

येथील २४ लेणीं कोरणाऱ्यांना हा भेद ग्रंथांतून नव्हे, छिन्नीच्या घावांतून कळला असावा. दालन कोरण्यास आणि पाणी धरून ठेवण्यास एकजीव खडकच हवा. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात ह्याच्या लेखांत लेण्याबरोबर पाण्याच्या पोढ्या करविल्याचाहि उल्लेख आहे. घट्ट खडक पाणी धरतो. भेगाळलेला व कुजलेला खडक तें मुरवून घेतो. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या गांवीं एका विहिरीला बारमाही पाणी आणि शेजारची कोरडी, त्यांना ह्याचें मर्म सहज कळेल.

आज शहरें वाढत आहेत आणि खडीसाठीं डोंगर फुटत आहेत. खाणीची उभी कड अभ्यासकाला थरांचा सुरेख छेद दाखविते, हें खरें. परंतु पुढच्या खेपेस तो येतो तेव्हां ती कड जागेवर नसते. टिपणवहींत नोंद तेवढी उरते. त्या उतारावर मुरलेल्या पाण्यावर जी विहीर जगते, तिला मात्र नोंदीवर भागवतां येत नाहीं.