डबकं नव्हे, तळं आहे ते

(प्रभागसंघाच्या फेब्रुवारीच्या मासिक सभेत मी जे बोलले, ते ज्या मैत्रिणी येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं नीट करून लिहिलं आहे.)



आज बचत, कर्ज, परतफेड यावर मी बोलणार नाही. ते अध्यक्षताई बोलल्याच आहेत. मी आज पक्ष्यांबद्दल बोलणार आहे. हसू नका! शेवटी मी पुन्हा आपल्या रजिस्टरवरच येणार आहे.

आत्ताच आपली हळदीकुंकू आटोपली. एक विचारू? हळदीकुंकू नावाचं बदक तुमच्यापैकी किती जणींनी पाहिलंय? काळी चोच, चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि बुडाशी कुंकवासारखे दोन लालसर ठिपके. गावच्या तळ्यात गवताच्या कडेकडेनं ही जोडीनं फिरतात. हे बदक बारा महिने आपल्याकडेच राहतं आणि पाण्याकाठच्या गवतात अंडी घालतं.

मलाही हे दोन महिन्यांपूर्वी माहीत नव्हतं. मग कळलं कसं, ते सांगते.

चाकण पट्ट्यातल्या आपल्याच एका गावातली गोष्ट. गावाबाहेर एक जुनं तळं आहे. त्याच्या एका कडेला रात्री ट्रॅक्टर, डंपर येतात आणि राडारोडा टाकून जातात. कडा दर महिन्याला थोडी थोडी आत सरकतेय. ग्रामसभेत विषय निघाला, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "तिथं आहे काय? डबकंच तर आहे!" आपल्या बारा-तेरा जणी तिथं बसल्या होत्या. सगळ्या गप्प. मीसुद्धा गप्प. एमएसडब्ल्यू झालेली मी, पण 'तिथं काय आहे' याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना फार वाईट वाटलं.

मग आम्ही पाच जणींनी ठरवलं, चार रविवार सकाळी सात ते आठ तळ्यावर जायचं आणि दिसेल ते वहीत लिहायचं. पहिल्या रविवारी आम्हाला ६ प्रकारचे पक्षी दिसले. चौथ्या रविवारी १४. पक्षी काही एका महिन्यात एवढे वाढले नाहीत, आमची नजर सरावली. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या मावशींना तर निम्मे आधीपासून माहीत होते. "ती बघ टिबुकली, आता बुडी मारंल आन् भलतीकडंच निघंल," असं त्या म्हणायच्या आणि तसंच व्हायचं! मी विचारलं, "मावशी, ग्रामसभेत का नाही बोललात?" तर म्हणाल्या, "हे बी बोलायचं असतं व्हय?"

होय मावशी, हेच बोलायचं असतं.

आता थोडं पक्ष्यांबद्दल. थंडीत आपल्याकडे लांबून पाहुणे येतात. धुणं धुताना दगडावर शेपटी सारखी वर-खाली करणारा छोटा पक्षी पाहिलाय ना? तो धोबी, काही जण त्याला परीट म्हणतात. यातले बरेच हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून येतात. दुसरा आहे वारकरी. अंग काळं आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून वारकरी. थंडीत त्याचे थवे दिसतात. आळंदी-देहूच्या आपल्या मुलखात हा पक्षी ओळखायला कुणाला शिकवावं लागणार नाही! लांबलचक तांबड्या पायांचा तो शेकाट्या.

हे दिवस महत्त्वाचे आहेत. आता ऊन वाढतंय, पळस फुलतोय. होळीच्या आसपास पाहुणे परतीला लागतात. निघण्याआधी त्यांना भरपूर खावं लागतं, कारण अंगावरच्या चरबीवरच पुढचा प्रवास होतो. त्या वेळी पाणी आणि चिखलाची काठं शाबूत नसतील, तर त्यांची शिदोरीच गेली.

पक्षी पाण्याची खबरही देतात. काळा-पांढरा कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबून सूर मारत असेल, तर त्या पाण्यात मासळी आहे समजा. शेकाट्या मात्र सांडपाण्याच्या घाण पाण्यातही चरतो. त्यामुळे आधी सगळे दिसायचे आणि आता शेकाटेच राहिले, असं झालं तर पाणी बिघडतंय का, हे बघायला हवं. जलपर्णी वाढली, तर पाण्यात सांडपाणी मिसळत असू शकतं. तिनं सगळं तळं झाकलं, तर बदकांना पोहायला उघडं पाणीच उरत नाही.

आणि हे पाणी आपल्यापाशी थांबत नाही. पवना दापोडीला मुळेला मिळते. इंद्रायणी आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळते. आपली भामाही भीमेलाच जाते. ही भीमा पुढं उजनी धरणात जाते. तिथं भिगवणजवळ थंडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो येतात आणि हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात. कुंभारगाव, डिकसळ भागातले मच्छीमार होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात, घरच्या बाया जेवणाची सोय करतात. म्हणजे आपल्या ओढ्यात जे जातं, त्याच्याशी तिथल्या एखाद्या ताईची चूलही बांधलेली आहे. आळंदीच्या पाण्यावरचा पांढरा फेस आपण सगळ्यांनी पाहिलाय. वेगळं सांगायला नको.

आता आपल्या रजिस्टरवर येते. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र काय? बरोबर, नियमित लेखे. गट सुरू व्हायच्या आधी आपण बचत करत नव्हतो का? डब्यात, साडीच्या घडीत करतच होतो. पण ती लिहिलेली नव्हती, म्हणून बँक विचारत नव्हती. तळ्याचंही तसंच आहे.

यासाठी कायदाही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि महापालिकेतही जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते. समितीत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. या समितीनं लोकांना विचारून 'लोक जैवविविधता नोंदवही' करायची असते. गावातली झाडं, पक्षी, मासे, पाणवठे आणि लोकांना त्यांच्याबद्दल असलेली माहिती, सगळं त्यात येतं. टिबुकली कुठं निघेल हे मावशींना ठाऊक आहे, ते त्यात लिहिण्यासारखंच आहे.

म्हणून एवढंच करा:

१. मुद्दाम वेळ काढायची गरज नाही. धुण्याला, गुरांकडे, गवताला जाता तेव्हा बघा. एकटीनं जाऊ नका.

२. वहीत तारीख, वेळ, जागा, पक्षी, अंदाजे किती आणि काय करत होते, ते लिहा. नाव येत नसेल तर रंग, चोच, पाय लिहा. गावचं नाव लिहिलं तरी चालेल.

३. पाणी कसं आहे तेही लिहा: फेस, वास, जलपर्णी, मेलेले मासे, राडारोडा. जमलं तर तारखेसकट फोटो काढा. डंपरवाल्याशी भांडायला मात्र जाऊ नका.

४. वाढवून लिहू नका. दहा दिसले तर दहाच. एक खोटी नोंद सापडली की सगळी वही खोटी ठरते, हे हिशोब ठेवणाऱ्या बायांना मी काय सांगणार!

५. घरट्याजवळ जाऊ नका, मुलांना दगड मारू देऊ नका.

६. ग्रामसंघाच्या बैठकीत वही वाचून दाखवा. मग भाऊसाहेबांना अर्ज द्या: आमच्या गावात समिती आहे का, नोंदवही झाली आहे का, त्यात आमच्या नोंदी घ्याव्यात. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

वही लिहिली की तळं वाचलंच, असं मी म्हणणार नाही. जमिनीला इथं काय भाव आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या तळ्याची कडा अजूनही सरकतेय. पण पुढच्या ग्रामसभेत "तिथं आहे काय?" असं कुणी विचारलं, तर मावशी वही घेऊन उभ्या राहणार आहेत. मी त्यांच्या शेजारी असेन. तुम्हीही या.

मार्चच्या सभेला प्रत्येक ग्रामसंघानं निदान एक पान लिहून आणा. धोबी अजून आहेत. ते जायच्या आत बघून घ्या.