ओट्याच्या दगडाची धूळ
(भिगवण येथील सभेतील भाषण)



आपल्या वस्त्यांवरची काही मुलं फरशी कापायच्या कामाला पुण्याला जातात. हल्ली ओट्याला कृत्रिम क्वार्ट्झ बसवतात. ग्रॅनाइटमध्ये सिलिका साधारण तिसरा हिस्सा, यात मात्र ९० टक्क्यांहून अधिक. कोरडं कापलं की बारीक धूळ फुप्फुसात रुतते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. टीबीचा धोकाही वाढतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून हा दगड वापरायला बंदी घातली.

तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. घरी ओटा बसवताना पाणी सोडूनच दगड कापायला सांगा. खोकणाऱ्या मुलाला दवाखान्यात नेलंत, तर तो दगड कापतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. नाहीतर नुसता टीबी समजून औषध चालू राहतं. प्रार्थना करूच, पण एवढं बोलायलाही विसरू नका.