आधी गावाचा तलाव, मग जगाचा नकाशा

(गोंदिया जिल्ह्यातील इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



वर्गात इंटरनेट असावे की नसावे, हा वाद आता जुना झाला आहे. २०१७ मध्ये 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झाले, पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड आले आणि २०२० च्या महामारीने हा प्रश्न दारात आणून उभा केला. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. लहान गावातील शाळाही तंत्रज्ञानाच्या साह्याने केवढी उंची गाठू शकते, हे साऱ्या जगाने पाहिले. आता विचार करावयाचा तो साधनाचा नव्हे, दृष्टीचा. पडदा मिळाला, त्यावर मुलाने प्रथम काय पाहावे?

माझे उत्तर सरळ आहे. त्याने प्रथम स्वतःचे गाव पाहावे.

काखेत कळसा

गूगल अर्थ उघडला की मुले क्षणात पॅरिसच्या मनोऱ्यापाशी पोहोचतात. कुतूहल म्हणून ते ठीक आहे. परंतु त्याच मुलाला आपल्या गावचा तलाव कोणी बांधला हे ठाऊक नसेल, तर त्या ज्ञानाला काखेत कळसा आणि गावाला वळसा असेच म्हणावे लागेल. बालभारतीने तिसरीसाठी जिल्हावार परिसर अभ्यासाची पुस्तके काढली, त्यामागे हाच विचार होता. परिचितापासून अपरिचिताकडे जाणे हा अध्यापनाचा जुना नियम आहे. नवे साधन हाती आले म्हणून तो नियम बदलत नाही.

एका तलावाचा पाठ

आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. इस्रोने २००९ मध्ये सुरू केलेल्या 'भुवन' या संकेतस्थळावर अर्जुनी मोरगाव तालुक्याचे उपग्रहचित्र उघडा. धानाच्या बांध्यांमध्ये विखुरलेले निळे ठिपके दिसतील. हेच आपले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मुलांना आपल्या गावाचा ठिपका शोधू द्या. पाणी कोणत्या बाजूने येते, पाळ कोठे आहे, खाली कोणाची शेती भिजते, हे त्यांनी वहीत काढावे. संगणकावरील गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची चित्रेही पाहता येतात. पावसाळ्यानंतरचे आणि उन्हाळ्यातले चित्र शेजारी ठेवले, की तलाव कोठे आटतो आणि पाणपसाऱ्यात कोठे शेती शिरली, हे मूल स्वतः सांगते. हा झाला भूगोल.

आता इतिहास. नवेगावबांधचा विशाल तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. त्यांची पुढे कोलासुर देव म्हणून पूजा होऊ लागली. भोवतालच्या टेकड्यांना लोक सातबहिणी म्हणतात आणि त्या बहिणींनी बांधकामाला हातभार लावला, अशी श्रद्धा आहे. पाणी अडविणाऱ्या माणसाला देवत्व देणारा हा समाज! गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यास जमीन दिली, कोहळ्यांनी आपले कौशल्य दिले, ढिवर बांधवांनी मासेमारी सांभाळली, पोवार, कुणबी आदी शेतकऱ्यांनी धान पिकविले. एका पाळीच्या आधाराने अनेक जाती-जमाती शतकानुशतके नांदल्या. सामाजिक समरसतेचा याहून बोलका धडा कोणत्या पुस्तकात मिळेल?

आणि नागरिकशास्त्र. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव शासनाकडे आले. मालक बदलला, पण गाळ काढण्याची, पाळ राखण्याची गावाची जुनी सवय मात्र सुटत गेली. आज तलावाची जबाबदारी कोणाची? ग्रामपंचायतीच्या आराखड्यात त्याचे नाव आहे का? २०२० मध्ये सुरू झालेल्या 'ई-ग्रामस्वराज' या संकेतस्थळावर गावाचा विकास आराखडा आणि खर्च पाहता येतो. आठवीच्या मुलांनी तो वाचून ग्रामसभेत एक नम्र प्रश्न विचारला, तर नागरिकशास्त्राचा तास सार्थकी लागला असे समजावे.

शोधायचे कसे?

संगणकाला विचारले की सारे सापडते, हा मोठा भ्रम आहे. 'गोंदिया जिल्ह्याचा इतिहास' असे शोधले तर हाती फारसे लागत नाही. कारण आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी जन्मला. त्यापूर्वीचा सारा वृत्तान्त भंडारा जिल्ह्याच्या नावाखाली आहे. त्याही मागे गेलो तर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, त्याआधी मध्य प्रांत व वऱ्हाडात आणि त्याच्याही आधी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात. ही साखळी ज्याला ठाऊक आहे, त्यालाच योग्य शब्द टाकून योग्य कागद सापडतो. ही साखळी मुलांपुढे ठेवणारा शिक्षक यंत्राने अनावश्यक होत नाही. उलट त्याची गरज वाढते.

भंडारा जिल्ह्याची गॅझेटिअर्स, मराठी विश्वकोश, 'किशोर' मासिकाचे जुने अंक हे सारे आज विनामूल्य वाचता येते. मात्र वाचताना विवेक हवा. इंग्रजांच्या काळातील गॅझेटिअर हे राज्यकर्त्याच्या चष्म्यातून लिहिलेले आहे. १८१८ मध्ये कामठ्याच्या चिमणा पटेलांनी इंग्रजांच्या अमलाविरुद्ध शस्त्र उचलले, त्याला ते बंड म्हणतील. त्याला काय म्हणावे, याची चर्चा मुलांना करू द्या. त्यातील तपशील घ्यावा, निष्कर्ष तपासावा.

सत्याची कसोटी आपल्यालाही

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या घराघरांत घडते. मोबाईलवर रोज इतिहासाचे संदेश येतात. आपल्या पूर्वजांचा गौरव करणारे असले की आपण ते आनंदाने पुढे पाठवितो. लेखकाचे नाव नाही, ग्रंथ नाही, सन नाही! परकीयांनी आपला इतिहास विकृत केला अशी तक्रार करणाऱ्यांनी स्वतः अप्रमाण गोष्टी पसरवू नयेत. खोटे आपल्या बाजूचे असले, तरी ते खोटेच. आपला खरा वारसा इतका समृद्ध आहे की त्याला बनावट दागिन्यांची गरज नाही. आठवड्यातून एकदा असा एखादा संदेश फळ्यावर लिहावा आणि मुलांना तीन प्रश्न विचारावेत: हे कोणी सांगितले? त्याला कसे कळले? दुसरीकडे याचा आधार मिळतो का? ही सवय लागलेले मूल पुढे कोणाच्याही अपप्रचाराला सहजी बळी पडणार नाही.

अडचणी आणि वाट

सालेकसा, देवरीच्या वनक्षेत्रात नेटवर्क मिळत नाही, वीज जाते, दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग एकत्र बसतात. या अडचणी खऱ्याच आहेत. त्या नाकारून कार्य होत नाही. पण चित्रे तालुक्याच्या गावी उतरवून घेता येतात. एक नकाशा कागदावर छापून पाच गटांत फिरविता येतो. एकाच मोबाईलवर पाठ होणार असेल, तर तो शिक्षकाच्या हाती असावा आणि मुलांच्या हाती वही-पेन्सिल. पडदा दहा मिनिटे, तलावाची पाळ एक तास, असे प्रमाण ठेवले तरी पुरे.

शेवटची गोष्ट अधिक महत्त्वाची. आपण केवळ घेणारे राहू नये. झाडीबोली, गोंडी, पोवारी यांतील गाणी, तलावांच्या कथा, कचारगडच्या यात्रेच्या आठवणी आज वृद्धांच्या मुखी आहेत. कचारगड हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेला तेथे लाखो पावले वळतात. तो वारसा सांगण्याचा पहिला अधिकार त्या समाजाचाच आहे. विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांची अनुमती घेऊन त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करावा, नाव व तारीख लिहावी आणि शाळेने तो संग्रह जपावा. आज हे झाले नाही, तर उद्याच्या जगातील सर्वांत मोठ्या ग्रंथालयातही आपल्या गावाचे पान कोरेच राहील.

देशभक्ती ही माहितीने नव्हे, आपलेपणाने रुजते आणि आपलेपणा ओळखीतून येतो. ज्या मुलाने गावाचा तलाव ओळखला, त्याला वैनगंगा कळेल. ज्याला वैनगंगा कळली, त्याला भारत कळेल. मग त्याने खुशाल सारे जग पाहावे. येत्या सोमवारी प्रत्येकाने आपापल्या वर्गात एक निळा ठिपका शोधावा, एवढीच विनंती.

भारत माता की जय!