सॅक्सोफोन कोणाचा?

वडसा, आरमोरी, मूल, ब्रह्मपुरी आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे गेलेले आपले सगळे, ऐकताय ना?

‘रूप तेरा मस्ताना’ मनातल्या मनात लावा. ‘आराधना’, १९६९. किशोरकुमार थांबतो आणि मध्येच एक घोगरा, अंगावर येणारा सूर घुमतो. तो सॅक्सोफोन. या गाण्यासाठी किशोरकुमारला पहिलं फिल्मफेअर मिळालं. सॅक्सोफोन वाजवणाऱ्यासाठी असलं बक्षीसच नव्हतं. त्याचं नाव मनोहारी सिंग.

आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात कसं असते? दिवाळी झाली की हंगाम सुरू. रात्रभर नाटक चालते आणि ऑर्गन, तबला वाजवणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर बसलेला असते. सकाळी चहाच्या टपरीवर त्याचीही चर्चा होते, “ऑर्गनवाल्यानं काय धरलं बाप्पा!” सिनेमाचा वादक मात्र स्टुडिओच्या भिंतीआड. पडद्यावर राजेश खन्ना, रेकॉर्डवर किशोर आणि सचिनदेव बर्मन. मधला माणूस गायब.

हा माणूस कलकत्त्याचा, घराणं मूळचं नेपाळी. चपलांच्या बाटा कंपनीच्या बँडमधून पुढं आला, मग तिथल्या क्लबांत वाजवलं. १९५८ मध्ये मुंबईत आला आणि त्याच वर्षी सचिनदांच्या ‘सितारों से आगे’मध्ये वाजवलं. पुढं राहुलदेव, म्हणजे पंचमदांचा तो उजवा हात झाला. त्यांच्या सिनेमांच्या श्रेयनामावलीत सहाय्यक म्हणून तीन नावं एकत्र यायची : बासू, मनोहारी, मारुती. यातले मारुती म्हणजे आपले मारुतीराव कीर, तालवाद्यांचे बादशहा. पण ती पाटी दोन-तीन सेकंदांची. तेवढ्यात थिएटरात लोक आपली खुर्ची शोधत असतात.

तेव्हाचं रेकॉर्डिंग कसं व्हायचं, हे ऐकाच. गायक आणि वादक एकाच वेळी वाजवायचे, गायचे. आजच्यासारखं नंतर तुकडा कापून जोडता येत नव्हतं. शेवटच्या कडव्यात सॅक्सोफोनची एक फुंकर चुकली, की रफीसाहेबांनाही पुन्हा पहिल्यापासून गावं लागायचं. एवढं ओझं छातीवर घेऊन तो बेफिकीर, नशिला सूर काढायचा! मला तर विचार करूनच घाम फुटतो. आणि मोबदला? त्या दिवसाच्या कामाचे पैसे. गाणं पुढं हजारदा वाजलं तरी वादकाच्या खिशात त्यातून काही पडत नव्हतं.

तरी त्यांना ‘बिचारे’ म्हणू नका, मला ते पटत नाही. बासुदेव चक्रवर्तींबरोबर ‘बासू-मनोहारी’ या नावानं त्यांनी ‘सबसे बडा रुपैया’ला (१९७६) संगीत दिलं. बासरी, क्लॅरिनेटही वाजवायचे. धंद्यातल्या लोकांना त्यांची किंमत पक्की माहीत होती. माहीत नव्हती ती आपल्याला, जे त्यांची सुरावट तोंडानं वाजवत सायकल हाणत होते. १३ जुलै २०१० ला मुंबईत ते गेले.

आता मोबाईल काढा. ‘है दुनिया उसी की’ शोधा, ‘कश्मीर की कली’, १९६४, संगीत ओ. पी. नय्यर. स्क्रीनवर गायक, गीतकार, संगीतकार दिसतील. हेडफोन लावा. रफीसाहेब झोकांड्या खात गातात आणि त्यांच्या प्रत्येक ओळीला कोणीतरी बाजूला उभं राहून उत्तर देत असते. पहिल्यांदा ऐकताना शब्द सोडून द्या, फक्त त्या उत्तरांच्या मागं जा.