गाडी बंद पडल्यावर कोण येणार?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावर आजवर साहित्यिक, डॉक्टर, प्राध्यापक बोलून गेले. मी डिप्लोमा केलेला साधा सरकारी नोकर. खात्याच्या जीपगाड्या चालू ठेवणे, त्यांची विम्याची आणि दुरुस्तीची कागदपत्रे पाहणे, एवढेच माझे काम. कार्यवाहांनी सांगितले, "तुम्हाला जे रोज हाताळावे लागते त्यावरच बोला." म्हणून आज विषय घेतला आहे गाडी रस्त्यात बंद पडल्यावर मिळणाऱ्या मदतीचा, म्हणजे रोडसाइड असिस्टन्सचा. ही मदत विकत घेताना काय पाहावे, ते सांगणार आहे.

आपण हैदराबादची मराठी माणसे. कुणाच्या तीन पिढ्या इथे झाल्या, कुणाच्या पाच. तरी कुलदैवत तुळजापूरला, बहीण लातूरला, मामा नांदेडला आणि मुलगा पुण्याला. आपले आजोबा काचीगुड्याहून मनमाडच्या मीटर गेज गाडीत बसत. गाडी बंद पडली तर ती काळजी रेल्वेची. आता घरोघरी कार आहे. शनिवारी पहाटे निघून दुपारच्या आरतीला तुळजापूर गाठायचे, ही आपली सवय झाली. काळजी मात्र आता आपली आहे, हे आपण विसरतो. मीसुद्धा विसरलो होतो.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आईला घेऊन तुळजापूरला निघालो. सोबत सौ. आणि धाकटी मुलगी. ऑफिसमुळे निघायला उशीर झाला. हुमनाबाद मागे टाकले, उमरगा अजून यायचे होते, रात्रीचे साडेनऊ झाले होते. बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ तापमानाचा काटा वर गेला. बोनेट उघडल्याबरोबर कळले, पट्टा तुटला होता. माझ्या गाडीत त्याच पट्ट्यावर अल्टरनेटरही चालतो आणि पाण्याचा पंपही. रोग कळला, पण औषध जवळ नव्हते. गाडी तशीच रेटली असती तर इंजिनच गेले असते.

मी निर्धास्तपणे कंपनीला फोन लावला. तिकडून उत्तर आले, "सर, तुमच्या पॉलिसीत ही सेवा नाही." माझा विश्वास बसेना. आदल्या वर्षी होती ना! तपासले तेव्हा लक्षात आले की नूतनीकरण मीच मोबाइलवर केले होते. हप्ता थोडा कमी दिसला म्हणून खूश झालो होतो. तो कमी का झाला, हे पाहिले नव्हते. त्या एका चौकोनातली खूण निघून गेली होती. खात्याच्या साठ-सत्तर गाड्यांचे कागद तपासणारा मी, स्वतःच्या कागदाचे दुसरे पान उलटले नव्हते.

आईला मधुमेह आहे. तिच्या जेवणाची आणि इन्सुलिनची वेळ टळत होती. शेजारून ट्रक जायचे तेव्हा उभी गाडी हलायची. ती एवढेच म्हणाली, "अरे, देवीला यायचं म्हटलं की ती परीक्षा घेतेच." तिने मला बोल लावला नाही, त्याचेच जास्त वाईट वाटले.

शेवटी १०३३ आठवला. राष्ट्रीय महामार्गाचा हा मदत क्रमांक चोवीस तास चालतो. गस्तीची गाडी आली, त्यांनी मागे शंकू लावले आणि गाडी एका ढाब्याच्या आवारात ओढून ठेवली. तिथे आई जेवली. एवढे झाल्यावर माझ्या जिवात जीव आला. पण मंडळी, १०३३ चे काम रस्ता मोकळा आणि माणसे सुरक्षित करण्याचे. गाडी तुमच्या गॅरेजपर्यंत पोहोचवणे हे त्यांचे काम नव्हे. पुढचा टो ट्रक मी पदरचे पैसे देऊन बोलावला आणि रात्री अडीचला सोलापूर गाठले. घासाघीस करायची सोय नव्हती. अंधारात म्हातारी आई बसलेली असताना समोरचा सांगेल तो भाव.

म्हणून पहिली गोष्ट ही की, विमा आहे म्हणजे मदत आहे, हा समज काढून टाका. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, पण तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी. पॅकेज पॉलिसी, जिला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो, ती अपघात, चोरी, आग, पूर यांसाठी. यांत्रिक किंवा विजेचा बिघाड त्यातून स्पष्टपणे वगळलेला असतो. अपघातानंतर कार जवळच्या गॅरेजला नेण्याचा खर्च मिळतो, पण छापील मजकुरात त्याला १,५०० रुपयांची मर्यादा असते. पट्टा तुटला, बॅटरी बसली, किल्ली आत राहिली, यासाठी वेगळी सोय करावी लागते.

ही सोय तीन ठिकाणी मिळते. एक, गाडी बनवणारी कंपनी. नव्या गाडीबरोबर काही वर्षे ती देते, पण मुदत संपल्याचे आपल्या ध्यानात राहत नाही. दोन, विम्यावरची जोड, म्हणजे ॲड-ऑन. हिचा खर्च बहुधा काही शेकड्यांतच असतो. तीन, स्वतंत्र सेवा देणाऱ्या कंपन्या आणि मोटार संघटना. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन तर १९१९ पासूनची आहे. आधी घरातले कागद काढून बघा. कित्येकदा एकाच गाडीवर दोन ठिकाणी पैसे भरलेले असतात आणि दुसरी गाडी उघडी असते.

आता घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न. वहीत लिहून घ्या.

पहिला प्रश्न, किती किलोमीटर ओढून नेणार? जाहिरातीत "मोफत टोइंग" असते आणि आकडा आत असतो. समजा, ५० किलोमीटर मोफत आणि पुढे किलोमीटरला ६० रुपये. मी थांबलो तिथून सोलापूर शंभराच्या आसपास, म्हणजे ३,००० रुपये आपले. त्यातही अंतर फक्त जाण्याचे धरतात की ट्रकच्या जाण्यायेण्याचे, हे विचारा. गाडी जवळच्या गॅरेजला नेणार की आपण सांगू तिथे, हेही विचारा. शहरात फिरणाऱ्याला २५ किलोमीटर पुरतील. तुळजापूर, पंढरपूर करणाऱ्याला नाही.

दुसरा प्रश्न हद्दीचा. आपला सोलापूरचा रस्ता, म्हणजे जुना ९ आणि आताचा ६५ क्रमांकाचा महामार्ग, जहिराबादपर्यंत तेलंगणात, मग कर्नाटकात आणि उमरग्याला महाराष्ट्रात. तीनशे किलोमीटरमध्ये तीन राज्ये! सेवा सगळ्या राज्यांत आहे का, हमरस्ता सोडून गावात गेलो तरी येणार का, हे आधीच पक्के करा.

तिसरा, कशाचे पैसे त्यांचे आणि कशाचे आपले? साधारणपणे येण्याचे आणि मजुरीचे त्यांचे, सुट्या भागाचे आणि पेट्रोलचे आपले. वर्षातून किती वेळा बोलावता येते, आणि घेतल्यापासून किती दिवसांनी सेवा सुरू होते? उद्या निघायचे म्हणून आज घेतली तर ती लागू नसण्याची शक्यता असते.

चौथा, गाडी कशी नेणार? ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत गिअरबॉक्सला तेल पोहोचवणारा पंप सहसा इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चालकी चाके जमिनीवर फिरवत ओढली तर गिअरबॉक्स जळतो. फोर व्हील ड्राइव्ह आणि इलेक्ट्रिक गाडीचेही तसेच. अशा गाड्या फ्लॅट-बेडवर चढवूनच न्याव्या लागतात. फोनवरच तसे सांगा आणि दोरीवाला आला तर नाही म्हणा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्ज संपल्यास चार्जिंग केंद्रापर्यंत नेतात का, हेही विचारा.

पाचवा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, माणसांचे काय? गाडी ट्रकवर गेली, पण आई, बायको, मूल कशात बसणार? काही योजनांत पुढच्या प्रवासासाठी टॅक्सी किंवा एका रात्रीची राहण्याची सोय असते, पण घरापासून अमुक किलोमीटर दूर असाल तरच. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी चार पैसे जास्त देऊन हीच योजना घ्यावी.

आता तरुण मंडळींसाठी. कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊन कोकणात जायचे बेत मी आपल्या मंडळातही ऐकतो आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. हौस चांगली आहे, पण तिचे गणित वेगळे.

कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. ओटा, पलंग, पाण्याची टाकी धरून वजन कारच्या दुपटी-तिपटीने होते आणि उंचीही वाढते. कार उचलणारा ट्रक तिथे उपयोगाचा नाही, जड क्रेनच लागते. म्हणून योजनेत वजनाची, लांबीची आणि उंचीची मर्यादा किती, हे आधी पाहा. भाड्याची असेल तर व्यावसायिक वाहन योजनेत येते का, तेही पाहा. मदतीची योजना बहुधा गाडीच्या नंबरावर असते, माणसावर नसते. तुमच्या कारची योजना भाड्याच्या कॅरॅव्हॅनला चालणार नाही. मालकाकडून लेखी घ्या की रस्त्यात थांबली तर कोणाला फोन करायचा, क्रेनचे पैसे कोणाचे आणि वाया गेलेल्या रात्रीचे भाडे परत मिळणार का. आतला फ्रिज किंवा पंप बिघडला तर ती वाहनाची मदत धरली जात नाही, हेही ध्यानात ठेवा. क्रेन लावण्यापूर्वी गॅसची तोटी बंद करायला विसरू नका.

कारमागे जोडायचा ट्रेलर असेल तर गाड्या दोन झाल्या. कायद्यात ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे, त्याची नोंदणी वेगळी. कार बंद पडली आणि ट्रक कार घेऊन गेला, तर ट्रेलरजवळ रात्रभर कोण बसणार? योजनेत "ओढले जाणारे वाहन" स्पष्ट लिहिलेले हवे. ट्रेलरच्या टायरचे माप कारपेक्षा निराळे असू शकते, म्हणून त्याचे स्वतंत्र स्टेपनी चाक ठेवा. वाटेत थांबाल तेव्हा त्याच्या चाकांची तुंबी हात जवळ नेऊन बघा. एक फार तापले असेल तर बेअरिंग बोलते आहे असे समजा.

कुणी हौसेने जुन्या व्हॅनमध्ये पलंग आणि शेगडी बसवून घेतात. मोठा फेरफार आरसी बुकात नोंदवलेला नसेल तर दाव्याच्या वेळी विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. आणि ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी त्यांनाही सांगावे. तिथेही मोटार क्लबच्या साध्या सभासदत्वात मोटरहोम आणि ट्रेलर येतातच असे नाही, वरची श्रेणी घ्यावी लागते.

आता प्रत्यक्ष प्रसंगी काय करायचे? गाडी शक्य तितकी डावीकडे घ्या, चारी इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण किमान पन्नास मीटर मागे ठेवा. माणसांना रस्त्याच्या बाजूला, कठड्यापलीकडे उभे करा. माझी चूक तीच झाली, मी आईला गाडीतच बसवून ठेवले होते. बसायला त्रास होतो म्हणून ठेवले, पण मागून ट्रक आला असता तर? तो विचार आजही झोपेतून उठवतो. एक घडीची खुर्ची आता माझ्या डिकीत कायम असते.

मदतीचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे खोटे नंबर टाकून पैसे उकळणारे बसले आहेत. पॉलिसीवरचा नंबर मोबाइलमध्ये ठेवा आणि कागदावर लिहून काचेजवळ लावा. १०३३ आणि ११२ हेही लिहा. महामार्गावरचे किलोमीटरचे दगड बघत चला, जागा सांगताना उपयोगी पडतात. कंपनीने सेवा नाकारली तर वेळ, नाव आणि तक्रार क्रमांक टिपून ठेवा, पावत्या जपा. विमा नियामकाचे मुख्य कार्यालय आपल्याच हैदराबादेत आहे. त्यांचा तक्रारीचा क्रमांक १५५२५५. विमा लोकपालांचे कार्यालयही इथेच आहे.

आणि दुसऱ्या कुणाची गाडी थांबलेली दिसली तर आपणही थांबावे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण आहे. २०२५ पासून जखमींना ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचारांची योजनाही आहे. भीतीने पुढे जाण्याचे कारण उरलेले नाही.

त्या रात्री ढाब्यावाल्याने आईसाठी मऊ भाकरी आणि बिनतिखटाची डाळ करून दिली. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "देवीला चाललात, आमचाही नमस्कार सांगा." आम्ही दुसऱ्या दिवशी दर्शन घेतले आणि आईने त्याच्या नावाने ओटी भरली. असा माणूस भेटणे हे नशीब. पण नशिबाच्या भरवशावर आईला घेऊन निघायचे नसते, हे मी तेव्हा शिकलो.

तेव्हा माझी एकच विनंती. आज घरी गेल्यावर जेवणाआधी गाडीची पॉलिसी काढा आणि तिचे दुसरे पान वाचा. शंका आली तर मी रविवारी मंडळाच्या वाचनालयात असतोच. कागद घेऊन या, दोघे मिळून वाचू.

 गणपती बाप्पा मोरया!