घाटवाटेवरील स्मृतिशिळा आणि शालेय इतिहास

सह्याद्रीच्या घाटांतून जाणाऱ्या वाटसरूस अनेक दगड भेटतात. कोठे कोरीव लेख, कोठे शेंदूर फासलेला वीरगळ, तर कोठे लहानसे देऊळ. हे सर्व इतिहास सांगतात; परंतु प्रत्येकाच्या साक्षीचे मोल निराळे असते. हा विवेक मुलांच्या ठायी रुजविणे हे शिक्षकाचे कार्य होय.

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाचे उदाहरण घ्यावे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या दानांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. दहा, शंभर व हजार यांना तेथे स्वतंत्र चिन्हे आहेत. म्हणून हा लेख गणिताच्या तासालाही उपयोगी पडावा. त्याच लेण्यातील राजपुरुषांच्या मूर्ती भंगल्या. पण वर कोरलेल्या नावांमुळे सिमुक, सातकर्णी यांची ओळख टिकली. घाटातील दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे लोक सांगतात. ती मात्र लोकपरंपरा होय. लेखाचा पुरावा नव्हे.

बोरघाटात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखविली व त्याबद्दल त्यालाच ठार करण्यात आले, अशी आख्यायिका आहे. ती दंतकथा म्हणूनच सांगावी. परंतु टाकाऊ मानू नये. डोंगरातील माणसाच्या ज्ञानाची व त्याच्यावरील अन्यायाची आठवण समाजाने तीत जपली आहे.

याच घाटात १८५६ ते १८६३ या काळात लोहमार्ग तयार झाला. १८६१ साली सुमारे ४२,००० मजूर कामावर होते. रोगराईने व अपघातांनी हजारो दगावले. त्यांतील बहुतेकांची नावे ना लेखात उरली, ना कथेत. दगड काय सांगतात याबरोबरच ते कोणाविषयी मौन पाळतात, हेही मुलांना विचारावे.

यासाठी खर्चाची गरज नाही. मुलांना गावच्या शिवेवर न्यावे. वहीत तीन रकाने आखावेत : पाहिलेले, वाचलेले आणि ऐकलेले. वीरगळावरील चंद्रसूर्य पहिल्या रकान्यात जातील, आजोबांनी सांगितलेली कथा तिसऱ्यात. दगड घासू नयेत, रंगवू नयेत, जागचे हलवू नयेत. रस्ता रुंद होताना असा एखादा दगड भरावात गेला, तर निदान त्या वहीत तरी त्याची नोंद राहील.